पंख्यासाठी काढलेले चार सेल

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर, एका सोमवारी सकाळी, बंगळुरूत मल्लेश्वरमजवळच्या एका संशोधन संस्थेत चाचणी यंत्रावर चालू असलेले चार सेल काढून घेण्यात आले. ते खेळण्यातल्या पंख्याला जोडायचे होते. दिल्लीहून पाहुणे येणार होते.

सेल माझ्या धाकट्या बहिणीने बनवले होते. ती तिथे करारावर शास्त्रज्ञ; मी वृत्तपत्रात. सोडियम-आयन बॅटरीतली धन टोकाची पावडर हवेतली ओल शोषते आणि सेल लवकर दम तोडतो. बहिणीने पावडरीच्या कणांवर पातळ लेप चढवला होता. तो टिकतो का, हे कळायचा मार्ग एकच: सेल भरायचा, उतरवायचा, पुन्हा भरायचा, महिनोन् महिने, मध्ये हात न लावता. करार वाढवायचा की नाही हे ठरवणाऱ्या समितीला तीच सलग नोंद हवी होती. यंत्रावर कन्नड आणि इंग्रजीत चिठ्ठी होती: हात लावू नये. ती वाचता न येणारं त्या इमारतीत कोणी नव्हतं.

कपाटात इतर सेल होते, पण फुगलेले. फोटोत वाईट दिसले असते. तिचे सपाट राहिले होते, म्हणून तिचे निवडले गेले.

मी वार्ताहरांच्या रांगेत, टेबलाजवळच होते. विभागप्रमुख पुण्याचे.

"अगं, दोन तासांचा तर प्रश्न आहे," ते बहिणीला म्हणाले.

"सर, पंखा चालू राहिला तर सेल पार शून्यावर उतरतील."

"उतरू दे की. सोडियमचा सेल शून्यावर गेला तरी बिघडत नाही, हे तूच सगळ्यांना सांगत फिरतेस ना?"

"सेल नाही बिघडणार. चाचणी मोडेल."

"मग पुन्हा लाव. तुला कुठे सवय नाही?"

शेजारचे दोघे हसले.

पंखा भाषणभर फिरला, चहापानभर फिरला. पाहुण्यांनी लेपाबद्दल काही विचारलं नाही. एकाने पंखा कुठे मिळतो ते विचारलं. चिकपेटच्या बाजारात, असं विभागप्रमुखांनी सांगितलं. पंखा कोणी बंद केला नाही; सेल संपल्यावर तो थांबला. तोवर पाहुणे गेले होते.

परतताना रिक्षात मी तोंड उघडलं, तेव्हा बहीण म्हणाली, "अक्का, स्वल्प, जरा गप्प बस. ड्रायव्हरला मराठी कळत असेल."

घरचा मामला म्हणून बातमी मी लिहिली नाही. सहकाऱ्याने संस्थेला विचारलं की चाचणीवरचे सेल का काढले. उत्तर आलं: सर्व काही नियमानुसार झाले. दुसऱ्या दिवशी आमच्याच पानावर फिरत्या पंख्याचं छायाचित्र होतं, खाली 'स्वदेशी बॅटरीचे यश'. सेल बनवणारीचा उल्लेख नव्हता.

समितीने बहिणीला विचारलं की नोंद मध्येच का तुटली. तिने कारण सांगितलं. विभागप्रमुख त्याच समितीत होते. त्यांनी कागदावरून नजर वर केली नाही, असं ती सांगते. नोंद सलग नसल्याने करार वाढवता येत नाही, असं समितीने कळवलं.

करार महिनाअखेरीस संपला. निघण्याआधी बहिणीने त्याच पावडरीचे नवे सेल यंत्रावर लावले होते. ते चालू आहेत.