डहाळी घेणारी गाडी

माझी मोटरसायकल पेट्रोलवर नाही, पाल्यावर चालते, असं सांगणारे लोक चंद्रपूरकडच्या मूल ते पोंभुर्णा या पट्ट्यात पुष्कळ वर्षं होते. त्यांना खोटं पाडायची मला कधी हिंमत झाली नाही, कारण जवळजवळ चार महिने माझंही तेच मत होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी हिवतापाचा कर्मचारी होतो. गावोगाव फिरायचं, तापाने फणफणलेला माणूस दिसला की त्याच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि पुढचं गाव गाठायचं. संध्याकाळी काचेच्या पट्ट्या पेटीत भरायच्या, पेटीला सुतळी बांधायची, गाठीवर लाख वितळवून ओतायची आणि तिच्यावर सरकारी शिक्का दाबायचा. या लाखेकडे जरा लक्ष असू द्या. मी दिलं नव्हतं.

तीन वर्षं सायकल हाणल्यावर मी एक जुनी मोटरसायकल घेतली. डांबरावर ती झकास पळायची. पण डांबर संपून जंगलातली बैलगाडीची चाकोरी लागली, की तिचं पोट दगडांवर घासायचं आणि नाल्यात उतरलं की सायलेन्सरमधून हंडी शिजल्यासारखे बुडबुडे यायचे. मला रस्त्यावर आणि रानात, दोन्हीकडे चालेल अशी गाडी हवी होती. अशी गाडी तेव्हा आमच्याकडे विकत मिळत नव्हती. ती करून घ्यावी लागे, आणि करणारा एकच होता.

मूलच्या बाजाराच्या टोकाला कडुनिंबाखाली एक मिस्त्री बसायचा. मुसलमान, सडपातळ, कानात कायम कापसाचा बोळा. मेहुण्याच्या धानाच्या गिरणीत इंजिनाला तेल घालण्यात त्याची दहा वर्षं गेली होती. एक दिवस ती तेलाची झारी मेहुण्याच्या टेबलावर ठेवून तो या झाडाखाली येऊन बसला. त्याच्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून एक रंगीत चित्र चिकटवलेलं होतं. कुठल्याशा परदेशी मासिकाचं पान. त्यात एक उंच मोटरसायकल वाळूच्या टेकडीवरून उडी मारत होती.

मी म्हणालो, "अशी करून द्या."

"साहेब, चित्रातली हवेत हाय," मिस्त्री म्हणाला. "तिले जमिनीवर चालताना म्या नाई पाह्यलं. तरी करून पाहू."

आणि त्याने केली. सायलेन्सर खालून काढून सीटच्या बाजूने वर नेला. मांडी भाजू नये म्हणून त्यावर गिरणीतली तांदळाची चाळणी कापून बसवली. हँडल चार बोटं उंच झालं. पुढचा मडगार्ड चाकापासून इतका वर गेला की मधून चिखलासकट खेकडाही जावा. इंजिनाखाली जीपच्या स्प्रिंगच्या पाट्याचं लोखंड आलं. मागचं दातेरी चाक थोडं मोठं घातल्यामुळे वेग गेला, पण चढावर गाडी रेड्यासारखी ओढू लागली. मोठ्या खाचांचं टायर त्याने कुठून आणलं ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

पहिल्याच महिन्यात मी ती नाल्यात आडवी केली. पेट्रोलमध्ये पाणी शिरलं. मिस्त्रीने अर्धा दिवस बसून टाकी धुतली आणि मला बोटं दाखवत दोन कामं सांगितली. "धुवाची आणि चालवाची. तिसरं काई कराचं नाई. नट फिरवला ना, तर पुन्हा इथी येऊ नका."

मी शपथ घेतली आणि घरी जाऊन मोडली. काय करणार! टाकीच्या झाकणाला वर सुईच्या टोकाएवढं एक भोक दिसलं. पाणी इथूनच शिरलं असणार. एवढा हुशार माणूस आणि एवढं भोक विसरला! समोर मेणबत्ती होती, लाखेची कांडी होती. मी झाकण उलटं करून आतून आठ आण्याएवढा ठिपका ओतला. एक थेंब पाणी आत जाणार नाही असं पक्कं काम केलं, आणि मिस्त्रीला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. माझा स्वभावच मुळी हळवा.

पुढच्या सोमवारी गाडी बंद पडली.

लांबची फेरी माझी फक्त सोमवारी असायची, बाकी दिवस जवळची गावं. जिथे पडली ती जागा सांगितली पाहिजे. मूलपासून साधारण बारा किलोमीटरवर, मोहाच्या झाडांच्या सावलीत, वाटेच्या कडेला एक देव आहे. मूर्ती वगैरे नाही. वाळक्या-ओल्या डहाळ्यांचा कमरेएवढा ढीग. येणारा-जाणारा एक हिरवी डहाळी त्यावर ठेवतो आणि पुढे जातो. तिथे एक म्हातारा गोंड गुराखी रोज गुरं घेऊन असायचा. मी किका मारून मारून घामाघूम झालो. टाकी उघडून पाहिली, पेट्रोल होतं. झाकण लावलं.

"डहाळी ठेवली का, भाऊ?" म्हाताऱ्याने विचारलं.

"गाडीचा आणि डहाळीचा काय संबंध, बाबा?"

"मले काय मालूम? गाडी तुही हाय."

आता माझी अडचण समजून घ्या. माझे वडील छप्पन साली चंद्रपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. त्या दिवसापासून आमच्या घरातले देव बाहेर गेले ते गेलेच. मी लहानपणी एकदा मित्राच्या घरचा प्रसाद खाल्ला म्हणून वडिलांनी मला तासभर समजावलं होतं. असा मी, भर दुपारी, मोहाच्या झाडाची डहाळी मोडून हातात घेऊन उभा! मी मनाशी ठरवलं, ही पूजा नाही. रस्त्यावरचा पाला मी उचलून ढिगावर टाकतो आहे. स्वच्छता करतो आहे. डहाळी ठेवली, एक किक मारली, आणि गाडी सुरू.

पुढच्या सोमवारी पुन्हा तिथेच. टाकी पाहिली, पेट्रोल आहे, डहाळी ठेवली, किक, सुरू. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. चौथ्या सोमवारी मी तत्त्वाचा माणूस म्हणून डहाळी न ठेवता किक मारणार होतो, पण म्हातारा आधीच माझ्या वतीने ठेवून बसला होता. परतताना गाडी मूलच्या अलीकडे थांबायची. त्यावर म्हाताऱ्याचं म्हणणं, "देवानं जाण्याचं घेतलं, येण्याचंही घेईन ना!"

मिस्त्रीने ऐकलं आणि पेटला. त्याने प्लग बदलला, कॉइलची वायर बदलली, कार्बोरेटर तीनदा खोलला. गाडीला हात लावायच्या आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोलचा वास घ्यायचा, ही त्याची सवय होती. झाकण लावून मग तो किक मारायचा आणि बाजाराला दोन चकरा मारून यायचा. गाडी त्याच्या हातात कधी बंद पडली नाही.

"तुमी काई करून राह्यले का, साहेब?"

"मी? धुतो आणि चालवतो."

हे बोलताना मला लाखेची आठवणसुद्धा झाली नाही, हे शपथेवर सांगतो. माझ्या शपथेची किंमत तुम्हाला आता माहीत आहेच.

बाजारात मात्र मजा सुरू झाली. हॉटेलात बसलेले लोक मिस्त्रीला विचारायचे, "काऊन मिस्त्री, पाला खाते म्हणे तुही गाडी? दूध किती देते?" आधी मीही त्यांच्यात हसलो. मग एका दुपारी पाहिलं, कडुनिंबाखाली एकही गाडी उभी नव्हती. मिस्त्री पेटीचं झाकण उघडून त्या चित्राकडे बघत बसला होता.

त्याने तेव्हा सांगितलं. जंगल खात्याच्या रेंजर साहेबांनी माझी गाडी पाहून गस्तीच्या तीन गाड्या तशाच करून घ्यायचं मनात आणलं होतं. तेवढं काम मिळालं तर बसस्टँडसमोर पत्र्याचं दुकान टाकता येणार होतं. नाही मिळालं तर मेहुण्याने निरोप धाडलाच होता की झारी अजून टेबलावरच आहे.

"साहेब म्हणते, आधी तुमची गाडी जंगलापर्यंत नेऊन दाखवा. ते जीप घेऊन मांगून येणार. म्हणे, नवसाच्या गाडीवर माणसं धाडता येत नाई. थांबली तर काम चंद्रपूरच्या ग्यारेजले."

सोमवार ठरला. आदल्या दिवशी मी इतका गोंधळलो होतो की सगळ्या बाजूंनी तयारी केली. चाकाची हवा पाहिली, प्लग पुसला आणि एक ताजी डहाळी सीटखाली बांधून ठेवली. देवाला आगाऊ.

निघालो. मी पुढे, मागे जीपमध्ये रेंजर साहेब आणि त्यांच्या शेजारी मिस्त्री. नाला आला, पाण्यातून गाडी अशी गेली की जीपमधून मला "वा!" ऐकू आलं. माझी छाती फुगली. मोहाची झाडं दिसू लागली. मी मनातल्या मनात बोलत होतो. कुणाशी, ते वडिलांना कळू नये. देव आला, देव बाजूला आला, देव मागे पडला... आणि वीस पावलांवर गाडीने दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाली.

जीप थांबली. रेंजर साहेबांनी उतरून घड्याळ पाहिलं. म्हातारा गुराखी उठून जवळ आला. त्याच्या हातात डहाळी होतीच.

मी सवयीने टाकीकडे हात नेला.

"हात नका लावू!" मिस्त्री ओरडला. तो गाडीपाशी आला. इतक्या महिन्यांत बंद पडलेली गाडी त्याने पहिल्यांदाच पाहिली. त्याने कानातला बोळा काढला, खाली वाकला आणि झाकण हळूच फिरवलं.

फुस्स!

टाकीने मोठा श्वास आत घेतला. मिस्त्रीने झाकण उलटं केलं. आतून लाल ठिपका, आणि त्या ठिपक्यावर अर्धा सरकारी शिक्का. लाख दिसली की शिक्का दाबायचा, ही माझ्या हाताची सवय. मला नाही विचारलं हाताने.

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मग झाकण मुठीत धरलं.

"काय निघालं?" रेंजर साहेबांनी विचारलं.

"हवेचं भोक बुजलं होतं, साहेब. पेट्रोल खाली उतरलं की तितकी हवा वरून आत याले पायजे. ती नाई आली तर दहा-बारा किलोमीटरमध्ये पेट्रोल अडकते. झाकण उघडलं की मोकळं होते."

"मग तुम्ही हे पाहिलं नव्हतं?"

"वास घेतला दर वेळी. झाकण पालथं करून नाई पाह्यलं. चूक माही हाय."

रेंजर साहेबांनी मान हलवली आणि जीपकडे वळले. ती पाठ मला अजून दिसते. खाकी, घामाने मधोमध भिजलेली, आणि तिच्याबरोबर पत्र्याचं दुकान चाललेलं.

"साहेब!" मी ओरडलो. जरा जास्तच मोठ्याने, झाडीपट्टीच्या नाटकातल्या राजासारखं. "मुठीतलं बघा! गुन्हेगार मी आहे, आणि पुराव्यावर सरकारचा शिक्का आहे!"

रेंजर साहेबांनी झाकण घेतलं, चष्मा वर सारला, तो अर्धा शिक्का वाचला. मग माझ्या पट्ट्यांच्या पेटीवरचा जुना शिक्का वाचला. आधी त्यांचं पोट हललं, आवाज नंतर आला. हसता हसता ते त्या डहाळ्यांच्या ढिगाला टेकले आणि दचकून बाजूला झाले.

मिस्त्री हसला नाही. त्याने माझ्याच पिशवीतली रक्ताची सुई मागून घेतली आणि भोक मोकळं केलं. "धुवाची आणि चालवाची," तो हळूच म्हणाला. "दोनच कामं सांगतली होती तुमाले."

मी म्हाताऱ्याकडे वळलो. "बाबा, मग मी इतके दिवस डहाळ्या कशाला ठेवल्या?"

"मले काय विचारतं? देवानं मांगितली नव्हती. तू थांबला, म्या म्हटलं, थांबलाच हाय तर ठेव."

तीन गाड्यांचं काम मिस्त्रीला मिळालं. पत्र्याचं दुकान झालं. त्यात समोरच्या भिंतीवर ते चित्र लागलं आणि चित्राखाली माझं झाकण खिळ्याला टांगलं गेलं. मला नवीन घ्यावं लागलं. गिऱ्हाईकाने विचारलं की मिस्त्री माझ्याकडे बोट दाखवायचा. "ते काय, बसले हायत ना, त्याइलेच विचारा." आणि मग मी ही गोष्ट सांगायचो. दर वेळी नाला थोडा रुंद व्हायचा.

महिना दीड महिना गेला असेल. एक दिवस मिस्त्री दुकानात घाईघाईने तिन्ही सरकारी गाड्यांची झाकणं काढून उजेडात धरत होता. सुईने एकेक भोक तपासत होता. बाजारात बातमी आली होती की जंगल खात्याच्या गाड्या सोमवारी त्या देवापाशी थांबतात. तिन्ही.

"मोकळं हाय. हेही मोकळं हाय," तो पुटपुटला. मग समोर उभ्या वनरक्षकाला त्याने विचारलं, "मंग थांबते काऊन?"

"गाडी नाई थांबत, मिस्त्री," तो बिडी विझवत म्हणाला. "आमीच थांबून राह्यलो. तिथी सावली हाय ना."

मिस्त्रीने तिन्ही झाकणं खाली ठेवली आणि संशयाने वळून माझ्याकडे पाहिलं.

"तुमी तर काई नाई केलं ना, साहेब?"