पहिलं वेत कुणाचं

मी एका गाभण गाईला माजावरची समजलो आणि तिचं कृत्रिम रेतन केलं. पशुसेवेचा अभ्यासक्रम शिकणाऱ्याच्या हातून हीच एक चूक होऊ नये, म्हणून आमच्या सरांनी ती फळ्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिली होती. ते लिहीत असताना मी शेजारच्याला कोपरानं ढोसत म्हणत होतो, "एवढं बी कळंना व्हय बे कुणाला?"

शेवटच्या सत्रात प्रात्यक्षिकासाठी मला नांदूरघाटाकडच्या एका दवाखान्यात पाठवलं. पांढरा कोट घालून जनावर अडकवायच्या खोड्याजवळ उभा असतो तो डॉक्टर, अशी गावाची समजूत. म्हणून बसमधून उतरल्यापासून मी डॉक्टर. खरे डॉक्टर खाष्ट होते. त्यांनी मला आधी भरपूर शेण काढायला लावलं, मग एकदाचा हात घालू दिला. लांब प्लास्टिकचा मोजा चढवायचा, गाईच्या मागच्या वाटेनं पार खांद्यापर्यंत हात घालायचा आणि आतल्या आत गर्भाशय चाचपायचं. डोळ्यांचा काही उपयोग नाही, सगळी भिस्त बोटांवर. मी पहिल्याच दिवशी "सापडलं!" म्हणून ओरडलो. सापडलं होतं ते मूत्राशय. गाईनं ते तिथल्या तिथं, माझ्या बुटात, सिद्ध करून दाखवलं.

पुढे दोन-चार रेतनं जमली आणि मला चढली. स्टँडवर चहा प्यायलाही मी कोट घालूनच जाऊ लागलो.

त्या दिवशी डॉक्टर तालुक्याला मीटिंगला निघाले. जाताना म्हणाले, "कुणी आलं तर बसवून ठेव. हात घालू नको." दुपारी एक मावशी गाय घेऊन आली.

उसाची मोळी कमरेत बसल्यापासून मावशीचं कारखान्याला जाणं सुटलं होतं. घरात ती एकटी. ऊसतोडीला जाणारी माणसं मागं राहणाऱ्यांकडं जनावर बटईनं ठेवून जातात, तशी ही गाय तिच्या पुतण्यानं ठेवलेली. गाय म्हणजे पहिलारू, अजून एकदाही न व्यालेली कालवडच. बोली अशी, की चारापाणी मावशीनं करायचं. पहिल्या वेताचं वासरू तिचं, ते झालं की गाय आणि पुढची वेतं पुतण्याची. जन्मभर लोकांची जनावरं राखलेल्या त्या बाईच्या दावणीला स्वतःचं असं ते पहिलंच जनावर येणार होतं.

"डॉक्टर, सकाळधरनं हंबरायलीय," मावशी म्हणाली. "दसऱ्याच्या आधी वळू दावलाय. मला वाटलं, गाभ राह्यला. बघता का जरा?"

"राहिला असता तर हंबरली असती का, मावशी?"

"ते बी खरं हाय. पर पोट जरासं..."

"चारा लई घालताय तुम्ही."

गाभण असूनही काही गाई माजावर आल्यासारख्या करतात, हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी पानभर लिहिलं असतं. हात घातला. आत काहीतरी टम्म लागलं. पण आता मी अनुभवानं शहाणा झालो होतो. मनात म्हटलं, मूत्राशय! या खेपेला ते मूत्राशय नव्हतं.

गोठवलेल्या वीर्याची कांडी कोमट पाण्यात धरली, रेतनाची गन भरली आणि जिथं पोचायचं तिथं, थेट गर्भाशयात, अगदी अचूक पोचवली. तेवढंच एक मला उत्तम जमलं होतं. मावशीनं कौतुकानं ओंजळभर भाजक्या शेंगा दिल्या, त्या मी खाल्ल्याही.

आठवडा झाला नसेल. मावशी परत आली ती गाईशिवाय, हातात गोणपाटाचा तुकडा घेऊन. डॉक्टरांनी तो टेबलावर उलगडला. आतला जीव मुठीत मावेल एवढा होता, पण इवलीशी खुरं उमटलेली दिसत होती.

"हात कुणी घातला?" डॉक्टरांनी विचारलं. दवाखान्यात आम्ही दोघंच. डॉक्टर आणि मी. त्यांना कळलंच. मग ते मावशीला सरळ म्हणाले, "ह्याच्यामुळं गेलं, मावशी."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती गोणपाटाची घडी घालत म्हणाली, "जाऊ द्या. शिकायलंय लेकरू."

गुढीपाडव्याला पुतण्या कारखान्यावरून आला आणि गाय सोडायला निघाला. म्हणाला, "पहिलं वेत झालं की. गाभडलं, त्याला मी काय करू?" मावशी म्हणाली, "पोटातच गेलेलं वेत कसं धरायचं?" दूध डेअरीच्या ओट्यावर चार माणसं निवाड्याला बसली. दवाखान्याला बोलावणं आलं. डॉक्टर मला म्हणाले, "तूच जा. एकच वाक्य बोलायचं, हे वेत धरत नाहीत. अन् माघारी यायचं."

मी गेलो. कोट घालून.

"डॉक्टर, गाभडलं तर वेत धरतेत का न्हाई?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

सगळे माझ्याकडं बघू लागले आणि एका वाक्यात माझं भागेना. "ते महिन्यांवर असतं," मी सुरू केलं. "दिवस भरत आले असतील आणि वासरू मेलेलं पडलं, तर वेत धरतात. पण आता गर्भ लहान असला..."

"म्हंजी धरतेत," पुतण्या म्हणाला.

"तसं नाही, काही बाबतींत..."

"डॉक्टरच म्हनाले की, धरतेत!"

माणसं धोतर झटकून उठू लागली. मावशी माझ्याकडं बघत होती. 'माझ्या हातानं गेलंय, गाईनं टाकलं नाही,' एवढं बोललो असतो तरी बैठक पुन्हा बसली असती. शब्द तोंडात तयार होते. पण ते बाहेर पडले असते तर चार माणसांत मिळालेली डॉक्टरकी गेली असती. मी कोट सारखा केला आणि त्यांच्याबरोबर उठलो. संध्याकाळी पुतण्यानं दावं सोडलं. पुढं ती गाय छान व्याली म्हणे, कालवड झाली. पुतण्याच्या दावणीला.

आता त्याच भागात माझी मोटारसायकल फिरते. हात बरा चालतो. हल्ली हात घालायच्या आधी मी इतकं विचारतो, की लोक कंटाळतात. त्या टम्म लागलेल्या जागेवर बोटं अजून थांबतात.

गेल्या वर्षी मावशीच्या गल्लीत एक अडलेली म्हैस सोडवली. हात धुतले आणि तसाच तिच्या दारात गेलो. ती तूर निवडत बसली होती. गोठ्यात दावणीचा खुंटा तेवढा होता. म्हटलं, "मावशी, माझ्या ओळखीत एक चांगली कालवड आहे. आणून बांधतो. पहिलं, दुसरं, सगळी वेतं तुमची. औषधपाणीही मीच बघतो."

तिनं सुपातला खडा वेचून बाहेर फेकला.

"कालवड आन की, बाबा. पर मग डॉक्टर दुसरा बघावा लागंल."