पायातून सुटलेला गोल

काल अंतिम सामना संपला आणि शिवराम अण्णांचा संघ जिंकला. पोरं गुलालात नाचत होती. त्यांचे प्रशिक्षक अण्णा मात्र मैदान ओलांडून हरलेल्या गोलकीपरकडे गेले. तो गुडघ्यांत डोकं खुपसून बसला होता. अण्णा त्याच्या शेजारी बसले.

माझ्या मागच्या पायरीवरचा एकजण वाकून म्हणाला, "आबा, ह्योच न्हवं, तुमच्या वक्ताला फायनलला पायातनं गोल खाल्लेला?"

मी मान डोलावली.

त्या गोलाला तीस वर्षं झाली. चेंडू अडवता अडवता अण्णांची दोन बोटं कायमची वाकडी झाली, पुढं त्यांनी पेठेतले कितीतरी खेळाडू घडवले, हे कुणी विचारत नाही. गोलकीपरनं अडवलेले चेंडू लोक घरी पोचेपर्यंत विसरतात. सुटलेला एक मात्र जन्मभर त्याच्या नावानं राहतो.

त्या सामन्यात मी अण्णांच्याच संघातून पुढं खेळत होतो. शेवटच्या मिनिटाला समोर मोकळा गोल असताना मी चेंडू बारवरून मारला. तो आत गेला असता तर बरोबरी झाली असती. मैदान हळहळलं आणि विसरलं. हार अण्णांच्या माथी बसली, आणि मी ती बसू दिली.

बाहेर पडताना अण्णांनीच हाक मारली, "काय संभा, बरा हाईस न्हवं?"

"बरा हाय, अण्णा."

तीस वर्षांत मला त्यांच्याशी याहून जास्त बोलता आलेलं नाही.