डासताईंचा पट्टा

रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या रक्त तपासायच्या खोलीत एकतीस वर्षं एकच बाई सुया टोचते आहे. तिला सगळे डासताई म्हणतात. खरं तर हा अन्यायच आहे. डास चावल्यावर निदान खाज तरी सुटते, हिची सुई गेली कधी आणि आली कधी तेही कळत नाही. भलेभले मिशीवाले गडी डोळे घट्ट मिटून बसतात, आणि उघडून बघतात तर ही कापूस दाबून पुढच्या माणसाकडे पोचलेली!

तिचा खरा कटाक्ष असायचा तो रक्त काढताना दंडाला बांधायच्या पट्ट्यावर. पट्टा जास्त वेळ आवळून ठेवला की शिरेतलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त दाट होतं आणि अहवालात प्रोटीन उगाच वाढलेलं दिसतं. नव्या मुलींना ती यावरून फाडून खायची. "अगं, माणसाचा दंड आहे तो, पोत्याचं तोंड नव्हे! सोड आधी!"

आणि अशा बाईच्या घरात सून पिवळी पडली.

सून शिवणकाम करायची, आणि मशीनपेक्षा तिचं तोंड जास्त चालायचं. डासताईंना मुलगी नव्हती. या बडबडीवर त्यांचा भारी जीव. ती गप्प झाली तेव्हाच त्यांनी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. मग सांधे दुखायला लागले, जेवण जाईना, डोळे पिवळे झाले. कावीळ! डासताईंनी त्याच दिवशी तिचा कप वेगळा केला, दांड्याला लाल दोरा बांधला, आणि रक्त स्वतःच काढायला बसल्या.

पण आपल्या माणसाचा हात हातात घेतला की एकतीस वर्षं कुठे जातात कोण जाणे. शीर सापडेना. पट्टा आवळलेला, बोटं थरथरतायत, सून म्हणतेय, "आई, सावकाश." तब्बल तीन-चार मिनिटं गेली.

अहवालात यकृताचे आकडे चढलेले होते. प्रोटीनही भरपूर वाढलेलं. डासताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण चूक लपवणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी अहवालाखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पट्टा जास्त वेळ बांधला गेला. प्रोटीन ग्राह्य धरू नये.'

डॉक्टरीणबाईंचा डासताईंच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास. त्यांनी प्रोटीनकडे पाहिलं नाही. काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या केल्या, एकामागून एक सगळ्या कोऱ्या आल्या. "एखादा वेगळा विषाणू असेल, उतरेल हळूहळू. विश्रांती घेऊ दे," त्या म्हणाल्या. तीन आठवडे झाले. उतरणं राहिलं बाजूला, सुनेला जिना चढवेना. यकृत असंच झिजत गेलं तर पुढे काय होतं, हे डासताईंनी एकतीस वर्षं नळ्यांमधून पाहिलं होतं. त्यांना झोप येईना.

एका सकाळी त्या एका नव्या मुलीला झापत होत्या. "पट्टा आवळलास ना, की सगळंच वाढतं! अल्ब्युमिन वाढतं, बाकीचं प्रोटीन वाढतं, सगळं मिळून वाढतं!"

आणि बोलता बोलता त्यांची जीभ थांबली. सगळं मिळून.

त्यांनी कपाटातून सुनेचा अहवाल ओढून काढला. अल्ब्युमिन कमी होतं. वाढलं होतं ते फक्त ग्लोब्युलिन, म्हणजे शरीर लढायला उठलं की वाढतं ते दुसरं प्रोटीन. पट्टा असा निवडून एकालाच वाढवत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! लाजेपायी त्यांनी पुढचा आकडा वाचलाच नव्हता.

त्या तशाच डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. "बाई, माझी ती ओळ खोडा. मी चुकले."

पुढच्या तपासण्या भराभर झाल्या, यकृताचा इवलासा तुकडाही काढून पाहिला. विषाणू नव्हताच. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच यकृताला परकं समजून त्यावर तुटून पडल्या होत्या. "आपल्याच राखणदाराने घरच्यांना चोर समजून बडवावं, तसं आहे हे," डासताईंनी मुलाला समजावलं. राखणदाराला शांत करायच्या गोळ्या सुरू झाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी कपाचा लाल दोरा कात्रीने कापला, त्यातच सुनेला चहा दिला आणि आपला कप घेऊन तिच्यासमोर बसल्या.

"हा कधी लागतच नव्हता. आणि तुझे तीन आठवडे मी वाया घालवले. तुला वाटेल ते बोल."

"तीन आठवडे वेगळ्या कपातून चहा पाजलात. फार राग आलाय मला," सून म्हणाली आणि आपला अर्धा चहा त्यांच्या कपात ओतला.

डासताईंना रडूच फुटलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त तपासायचं होतं. डासताईंनी आपल्या हाताखालच्या सगळ्यात हुशार मुलीला बोलावलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सुनेने त्या मुलीला बाजूला सारलं आणि बाही वर केली.

"आई, तुम्ही काढा."

"अगं, माझा हात थरथरतो."

"थरथरू दे. चुकलं तर सांगाल ना? मग झालं."

डासताईंनी पट्टा बांधला नाही. सुनेने दुसऱ्या हाताने स्वतःचाच दंड धरला, त्यांनी सुई घातली, आणि रक्त आलं. मग सून नव्या गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या गळ्याबद्दल जे बोलायला लागली ती नळी भरून कापूस लावला तरी थांबेना, आणि डासताईंनीही तिला थांबवलं नाही.