मॅडमवरचा आळ

रविवार, रोहा.
वर्षभर इथे ब्लॉगवर काही लिहिलं नाही, माफ करा.

मॅडम काल गेल्या. एका बाईच्या मरणाचा आळ अंगावर घेऊन गेल्या.
तो आळ माझा होता.

ज्यांना मॅडम माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. डिप्रेशनच्या आणि भास होणाऱ्यांच्या गोळ्या मेंदूत नेमकं काय करतात, यावर त्यांनी आयुष्यभर संशोधन केलं. आधी शहरातल्या लॅबमध्ये. रिटायर झाल्यावर इथे, रोह्याजवळच्या वरसे गावात राहून.

त्या डॉक्टर, गावोगाव पेशंट बघायच्या. गोळी सुरू केल्यावर दर आठवड्याला पेशंटच्या घरी जाऊन फॉर्म भरायचं काम माझं.

मी एकदा विचारलं, "गोळी किती दिवसांनी लागू पडते?"
"मेंदूत तासाभरात पोचते. माणूस तीन-चार आठवड्यांनी उठतो. मधे काय चालतं ते मला अजून नीट कळलेलं नाही. आणि ज्यांना कळलंय असं वाटतं, त्यांच्या नादी लागू नकोस."

रोह्यातले एक काका त्यांना सांगायचे, "आवाज अजून येतात, पण शेजारच्या टीव्हीसारखे. आपण आपलं जेवायचं."
मॅडम खूश. म्हणाल्या, "हेच मी वीस पानांत लिहिलं होतं. यांनी दोन ओळींत संपवलं."

फॉर्मवर 'अंग' आणि 'मन' असे दोन वेगळे रकाने होते. मॅडमचा त्यावर कटाक्ष. अंगात बळ आधी येतं, मन मागून येतं. त्या मधल्या दिवसांत माणसाला जपावं लागतं. म्हणून शेवटचा प्रश्न कधीही गाळायचा नाही:
मरणाचे विचार येतात का?

पेणच्या खाडीकडच्या एका गावात एक बाई होती. नवरा मिठागरात कामाला. दोन महिने ती अंथरुणातून उठली नव्हती. नाव लिहीत नाही.

गोळीचा तिसरा आठवडा. मी गेलो तर ती चुलीपाशी.
नवरा दारातच म्हणाला, "आज भाकऱ्या तिनीच केल्यान. बघ."
मी विचारलं, "वहिनी, कसं वाटतं?"
"आंगान जरा हुशारी आली हाय."

हुशारी, म्हणजे अंगात बळ. मी तो शब्द तसाच लिहिला. 'अंग' मध्ये सुधारणा. आणि 'मन' मध्येही सुधारणा. तिने मनाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

शेवटचा प्रश्न राहिला होता. सासू चहाचा कप पुढे करून म्हणाली, "बस झाला इचारना. पोर उठली, आता घरान वाकडा काय बोलू नको."

त्या घरात दोन महिन्यांनी कोणीतरी हसत होतं. तिथे मरणाचं नाव कसं काढायचं? अभद्र वाटलं.
मी न विचारता 'नाही' वर टिक केली. चहा प्यायलो. निघालो.

चौथ्या दिवशी तिने जीव दिला.

मॅडमनी मला समोर बसवलं.
"विचारलं होतंस?"
"नाही."
त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. "टिक खोड. 'विचारले नाही' असं लिही. सही कर."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गावात गेलो. नवरा अंगणात उभा होता.
"बाय, तुमच्या गोल्यांनी मारली तिला."
मॅडम म्हणाल्या, "गोळी मी दिली. या दिवसांत लक्ष ठेवायला हवं होतं. ते माझ्याकडून राहिलं."

मी त्यांच्या मागे, त्यांची बॅग धरून उभा होतो. तोंड उघडलं नाही.

परतताना गडब गाव ओलांडल्यावर मी म्हणालो, "मॅडम, ते माझ्याकडून राहिलं."
"तुला पाठवलं कोणी? घरातल्यांसमोर तो प्रश्न विचारणं किती जड जातं, हे मला आधी कळायला हवं होतं."

मला तेव्हा हलकं वाटलं. खरं सांगायचं तर नागोठण्याच्या पुढे मला डुलकी लागली. त्याची आज लाज वाटते.

त्यानंतर त्या गावाने मॅडमना दार बंद केलं. लोकांनी गोळ्या फेकून दिल्या. मॅडमनी दोनदा निरोप पाठवला, औषध एकदम बंद करू नका म्हणून. कोणी ऐकलं नाही. मी एकदाही जाऊन खरं सांगितलं नाही. दर महिन्याला ठरवायचो.

काल स्मशानात त्या नवऱ्याचा धाकटा भाऊ आला होता. सगळ्यांच्या मागे उभा.
मला म्हणाला, "दादूस जेवत नाय. रात रात जागा असतो. कामाव जात नाय. डॉक्टरकडं चल म्हटला तर बोलतो, त्याच गोल्या देतील, तिला मारल्यान त्याच."

म्हणजे मी गप्प राहिलो त्याची किंमत आता तो माणूस मोजतोय.

गोळीचा त्यात काहीच वाटा नव्हता, असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. मॅडमनीही कधी म्हटलं नाही. पण ती हुशारी मी ऐकली होती, आणि पुढचं विचारायचं काम माझं होतं. विचारलं असतं तर ती बोलली असती का, ते माहीत नाही. विचारलं नाही, एवढं नक्की माहीत आहे.

तुमच्या घरात कोणी नुकत्याच अशा गोळ्या सुरू केल्या असतील, तर आपल्या मनाने त्या बंद करू नका. आणि त्या माणसाला विचारा. सरळ, त्याच शब्दांत: मरणाचे विचार येतात का? विचारल्याने काही अभद्र होत नाही.

हे तिच्या नवऱ्याला सांगण्याआधी इथे लिहितोय, हेही बरोबर नाही. पण लिहिलं नाही तर पुन्हा टाळीन, इतकं मी स्वतःला ओळखतो. आता कोणीतरी हे त्याला वाचून दाखवायच्या आत मला जावंच लागेल.

मॅडम, तुम्हाला नमस्कार. तुमच्यावरचा आळ मी आज माझ्या नावावर घेतला. फार उशिरा.

उद्या: सकाळच्या गाडीने पेण. त्याच्यासमोर बसून सगळं सांगणे.