साबळे वस्तीचं पाणी

“थांबा! ओ मिल्ट्रीवालं, थांबा! साबळे वस्ती मागं राहिली!”

काटेवाडीच्या पुढं आमच्या जिप्सीमागं एक माणूस मोटरसायकलवरून ओरडत येत होता. मागच्या सीटच्या दोन्ही अंगांना दुधाचे रिकामे कॅन बांधलेले. त्या कॅननी असा दणका लावला होता की नोकरीत ऐकलेला सगळा तोफखाना मला त्यापुढं भजनी मंडळ वाटला. वेळ सकाळी ११.५५. मी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं.

तो माणूस म्हणजे भानुदास. वस्त्यावस्त्यांवरून दूध गोळा करणारा.

“साबळ्यांचं घर तुमीच इचारत होता न्हवं? चुकून खाली आलाय. फिरवा गाडी, माज्या मागं या.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“भिगवणच्या हॉटेलवाल्यानं फोन केला. म्हनला, मिल्ट्रीची गाडी हाय, साहेब बोलतोय लई पण रस्ता कळत न्हाय.”

हॉटेलवाल्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याच्याकडं आम्ही फक्त रस्ता विचारायला थांबलो होतो. त्यानं रस्ता सांगितला आणि वर तळलेली चिलापी मासळी बांधून दिली. ती इतकी मोठी की डोकं गाडीत ठेवलं तरी शेपटी उजनीच्या पाण्यात ओली होत होती. या लेखात मी वाढवून सांगितलेली गोष्ट तेवढी ही. बाकी सगळं जसंच्या तसं आहे.

आता मी तिथं कशाला गेलो होतो ते सांगतो.

मी तेव्हा सुभेदार होतो. गाव कोकणात. अठ्ठावीस वर्षांत सतरा राज्यांत पोस्टिंग झालं, म्हणून सुट्टीवर आलो की गावच्या पारावर ‘मी देश बघितलाय’ असं सांगून मोफत चहा प्यायचो. खरं म्हणजे मी बघितलं होतं ते एवढंच: स्टेशन, थ्री टन गाडीची मागची ताडपत्री, बराक आणि बंकर. ताडपत्रीच्या फटीतून जेवढा दिसला तेवढा देश.

माझ्या प्लाटूनमध्ये नाईक प्रकाश साबळे होता. वय सत्तावीस. वडील नाहीत, लग्न व्हायचं होतं, घरी एकटी आई. उत्तरेतल्या एका पोस्टवर पेट्रोलिंगला असताना त्याचा पाय सुरुंगावर पडला. पुण्याच्या लष्करी रुग्णालयात हलवलं तेव्हा पलटणीनं मला त्याच्याबरोबर पाठवलं. आई, हौसाबाई, दहा दिवस त्याच्या उशाशी बसून होती. मी नेमका त्या वेळी कागदपत्रांच्या मागं फिरत होतो, त्यामुळं आमची भेट झाली नव्हती. प्रकाश सुधारला, जेवू लागला. मग त्यानंच तिला दोन दिवसांसाठी घरी पाठवलं. मी निघालो त्याच्या आदल्या रात्री त्याचा ताप वाढला. जखमेचं विष रक्तात गेलं.

त्या दिवशी सकाळी ८.३० ला डॉक्टर मेजर बाहेर आले.

“नेक्स्ट ऑफ किन?”

“आई आहे, सर. गावी.”

“आज आणा. संध्याकाळच्या पुढचं मी सांगू शकत नाही.”

हौसाबाईंना फोन लावला. बंद. ९.०५ ला जिप्सी निघाली. ड्रायव्हर लान्स नाईक गुरप्रीत, पंजाबचा. पत्ता म्हणून रेकॉर्डमध्ये एकच ओळ होती: साबळे वस्ती, भवानीनगरजवळ, तालुका इंदापूर. आमच्या कोकणात घराला घर लागून असतं. इथं प्रत्येकाचं घर ज्याच्या त्याच्या रानात, आणि मधे बांबूच्या बेटासारखा दाट ऊस. त्या उसात आमची अख्खी ब्रिगेड हरवली असती आणि साखर होऊन बाहेर आली असती.

भानुदासच्या मागून आम्ही १२.२५ ला वस्तीवर पोचलो. घराला कडी. हौसाबाई रानात होत्या. गुडघ्याच्या खाली चिखल, हातात खोरं, समोर चारीतून येणारं पाणी. त्या पाण्याला एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवत होत्या. याला तिकडं दारं धरणं म्हणतात.

“जय भीम, साहेब. परकाश बरा हाय न्हवं?”

इथं मी चुकलो. मेलेल्या बकरीचा बिबट्या करून सांगणारा माणूस मी. पण त्या बाईच्या तोंडाकडं बघितल्यावर मला दोन खरी वाक्यं बोलता येईनात.

“बरा आहे. डॉक्टरांनी भेटायला बोलावलंय.”

“मग सांजच्याला निघते की. आज पाण्याची पाळी हाय. तीन आठवड्यानं आलंय. तुमी बसा, च्या टाकते जरा येळानं.”

“आत्ता निघालो तर बरं.”

“आत्ता कसं? उसाची लागण वाळंल. पुन्ना पानी कवा यायचं?”

मी उभा राहिलो. १२.३५ झाले. गुरप्रीत माझ्या कानाशी आला.

“साहब, पानी की वारी है. ये नहीं जाएगी. हमारे पिंड में वारी हो तो आदमी बारात छोड़ देता है.”

त्याच्याकडं पाळीला वारी म्हणतात आणि गावाला पिंड. माझ्या कोकणात पाणी आभाळातून पडतं आणि समुद्रात जातं, ते वाटून घ्यायची वेळ येत नाही. मला काय कळणार? आणि हजार मैलांवरच्या या पोराला क्षणात कळलं होतं.

बांधाच्या पलीकडं एक म्हातारा उभा होता. पांढरं धोतर, डोक्याला टॉवेल, हातात खोरं. हे रंगराव आबा. भानुदासनं हळूच सांगितलं ते असं: दोघांचं पाणी एकाच चारीवर. दुपारी तीन वाजेपर्यंत हौसाबाईंचं, मग दिवस मावळेपर्यंत आबांचं, नंतर पाणी पुढच्या वस्तीला. बांधावरच्या बाभळीवरून दोघांचं भांडण लागलं, ते कोर्टापर्यंत गेलं. अकरा वर्षं एकमेकांशी बोलणं नाही. बोलायची वेळ आलीच तर तिसऱ्या माणसाला पुढं करून बोलायचं, आणि तिसरा नसला तर म्हशीला.

आबा माझ्याकडं बघत होते. माझ्या तोंडाकडं, मग बुटांकडं, मग पुन्हा तोंडाकडं. मी नजर काढून घेतली.

“भानू,” आबा म्हणाले, “त्यास्नी सांग, साहेबाबरुबर जा म्हनावं. दारं मी धरतो.”

हौसाबाईंनी मान वर केली नाही. “भानू, त्यास्नी सांग, मांजराला दुदाची राखण नगं. मी वळाण घेतलं की हितलं पानी तिकडं जाईल.”

भानुदास दोघांच्या मधे गोफणीतल्या दगडासारखा उभा. सांगायचं काहीच नव्हतं, दोघांनाही सगळं ऐकू येत होतं.

आबा वळले. चारीवर त्यांच्या रानाकडं जाणारं जे तोंड होतं, तिथं गेले. एक पोतं तोंडाला लावलं. त्यावर चिखलाची तीन खोरी टाकली. मग आणखी चार. वर चढून पायांनी घट्ट तुडवलं. मोठा धोंडा आणून त्यावर ठेवला. स्वतःच्या रानाचं दार त्यांनी स्वतःच्या हातानं बुजवलं. हातातलं खोरं टाकलं आणि बांध ओलांडून हौसाबाईंच्या वाफ्यात आले.

मी गोळीबारात माणसं पुढं जाताना पाहिली आहेत. पण त्या दुपारी, लख्ख उन्हात, एका म्हाताऱ्याला बांध ओलांडताना बघून माझ्या अंगावर जो काटा आला तसा पुन्हा कधी आला नाही.

आबांनी हात पुढं केला. “हौसा,” ते म्हणाले. “गाडीत बस.”

भानुदासच्या तोंडून एकदम श्वास सुटला. हौसाबाईंनी आधी बुजवलेल्या दाराकडं बघितलं. मी जे सांगू शकलो नव्हतो ते त्या चिखलानं सांगितलं. या माणसानं आपलं पाणी आपण होऊन बंद केलं, तेव्हा दुसरं कारणच असू शकत नव्हतं. त्यांनी खोरं आबांच्या हातात दिलं, चारीत पाय धुतले आणि माझ्याकडं वळल्या.

“साहेब, किती येळ हाय?”

“संध्याकाळपर्यंत.”

१२.५० ला आम्ही निघालो. हौसाबाई पुढच्या सीटवर, हात मांडीवर. भानुदासनं मागून फोन फिरवले असणार. कारण भवानीनगरला कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती, आणि ती आधीच एका कडेला लागली होती. एकेका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या. नंबर लागलेला ट्रॅक्टर जागेवरून हलवायला तिथले लोक देवालाही नाही म्हणतात. ते सगळे ड्रायव्हर खाली उतरून उभे होते. भिगवणला हायवेवर तो हॉटेलवाला झारा उंच धरून मधोमध उभा. त्यानं सोलापूरकडून येणारे ट्रक थांबवले होते. आमची रेडिओ नेट सेट करायला तीन माणसं आणि अर्धा तास लागतो. या लोकांनी ती दुधाच्या कॅनवर आणि गरम तव्यासमोर बसून चालवली. मी सॅल्यूट केला. त्यानं झारा हलवला. एकाही ड्रायव्हरचं नाव मला आजपर्यंत माहीत नाही.

३.३५ ला रुग्णालयात पोचलो. प्रकाश शुद्धीवर होता. आईचा हात धरून त्यानं पहिलं विचारलं ते असं:

“पानी झालं?”

“झालं.”

“कुनी धरलं?”

“आबानं.”

प्रकाश हसला. अंगात त्राण नव्हतं, पण हसला. “आई, तू बी सुभेदारसाहेबाच्या नादाला लागलीस व्हय? थापा मारतीस.”

“त्यास्नी इचार,” ती म्हणाली.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “खरं आहे, साबळे. माझ्यासमोर.” माझ्या कितीतरी गोष्टी त्यानं हसून सोडून दिल्या होत्या. ही त्यानं मानली. डोळे मिटले. ५.२० ला नाईक प्रकाश साबळे गेला. आई जवळ होती.

दुसऱ्या दिवशी त्याला वस्तीवर आणलं. गार्डनं सलामी दिली. मग काही दिवसांनी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी पुन्हा गेलो, या खेपेला रस्ता न चुकता. भानुदास होता, हॉटेलवालाही दुकान बंद ठेवून आला होता. मला चार शब्द बोलायला उभं केलं. मी सांगितलं, की प्रकाश पेट्रोलिंगमध्ये नेहमी पहिला चालायचा, कुणी सांगितलं नाही तरी. त्या दिवशीही तोच पहिला होता, म्हणून मागचे सात जण घरी परतले. त्या सातांपैकी एक मी. एवढं बोलून खाली बसलो. त्यात मीठमसाला काही नव्हता.

कार्यक्रम झाल्यावर बांधावर गेलो. अलीकडं हौसाबाईंची उसाची लागण हिरवीगार उभी होती. पलीकडं आबांचा गहू ऐन ओंबीत पिवळा पडून माना टाकून बसला होता. चारीवरचा तो धोंडा अजून तिथंच होता.

आबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

“आबा, तीन वाजल्यावर पाणी तुमचं होतं. दार उघडलं का नाहीत?”

आबांनी गव्हाची एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकली. आत दाणा नव्हता.

“तिचं भिजायला सांज झाली,” ते म्हणाले. “मग पानी फुडं गेलं.”