नावेदभाईंचं आडवं कोपर

दर रविवारी सकाळच्या एसटीने नावेदभाई रोह्याहून पेणला यायचे, माझ्या वर्गाच्या दारात चपला काढायचे आणि आधी प्रत्येकाकडे असे बघायचे, जणू आम्ही त्यांचं पाकीट मारून साळसूदपणे बसलोय. मला त्याचा भयंकर राग यायचा. खोली माझी, कॉम्प्युटर माझा, खालच्या गणपतीच्या कारखान्यातून वर येणारी धूळ रोज पुसणारी मी, आणि संशयितही मीच.

रविवारी माझ्याकडे प्रोग्रामिंगचा एकत्र सराव चालतो. नोकरीत चार जणांनी मिळून एकच प्रोग्राम लिहायचा असतो आणि ते कॉलेजात कोणी शिकवत नाही, म्हणून हा उद्योग. पडदा एक, कीबोर्ड एक. ज्याला सुचलं त्याने टाइप करायचं नाही. त्याने बोलून सांगायचं आणि शेजारच्याने लिहायचं. थोड्या वेळाने जागा बदलायच्या. चूक झाली तर ती सगळ्यांची. आणि शेवटी लिहिलेलं सगळं पुसून टाकायचं, कारण तो नुसता सराव.

हे पुसणं नावेदभाईंच्या गळी उतरत नसे.

"एवढं लिहून पुसायचं? मग ठेवतो कोण?"

"कोणी नाय ठेवत," मी म्हणायचे.

"असं नसतंय, अनिताबाई. कोणीतरी ठेवतोच."

एकदा सराव संपवून खाली उतरलेली मी विसरलेली छत्री घ्यायला परत आले, तर नावेदभाई मागे राहून माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरून लपवलेली नक्कल शोधत होते. ती सापडली नाही, म्हणून संशय आणखी वाढला. त्यांच्या मते चोर हुशार निघाला.

त्यांचं मूळ दुखणं मला हुमेराने सांगितलं. हुमेरा त्यांच्याच ऑफिसातली, नुकतीच लागलेली, त्यांच्याबरोबरच सरावाला येणारी. नावेदभाई आधी कतारला होते. तिथल्या साहेबाने एक नवा माणूस त्यांच्या शेजारी बसवला आणि याला शिकव म्हणाला. यांनी जीव लावून शिकवलं, ईदला घरी जेवायलाही बोलावलं. माणूस तयार झाला, तसं साहेबाने नावेदभाईंच्या हातात परतीचं तिकीट ठेवलं. रोह्याला येऊन ते हरेशशेठच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात लागले. कुठला ट्रक कुठल्या कंपनीच्या गेटवर कधी पोचायचा, हे ठरवणारा प्रोग्राम त्यांनी एकट्याने लिहिला. त्यावरच त्यांचं घर चाललं होतं. आणि आता शेठने हुमेराला आणून त्यांच्या शेजारी बसवलं होतं आणि दोघांना माझ्याकडे सरावाला धाडलं होतं.

म्हणून हुमेरा जवळ आली की नावेदभाई कीबोर्डापुढे कोपर आडवं घालायचे, शाळेत पाटी झाकतात तसं. सांगायची पाळी आली की अर्धं सांगायचे आणि अर्धं गिळायचे. ती बिचारी "व्हय चाचा, व्हय चाचा" करत लिहायची. मला वाटे, या माणसाला एकदा खडसवावं. पण पोटावर पाय येण्याची भीती काय असते हे मलाही ठाऊक आहे, म्हणून नुसती जागा बदलायला सांगायचे.

एका रविवारी हरेशशेठ स्वतः सराव बघायला आले. त्या दिवशी मी मुद्दाम ट्रकचंच गणित दिलं होतं: एकाच गेटवर एकाच वेळी दोन गाड्या येऊ द्यायच्या नाहीत. नावेदभाई सांगणार, हुमेरा लिहिणार. हे तर त्यांचं झोपेतही चुकणार नाही असं काम. पण त्यांनी शांतपणे उलटी अट सांगितली. हुमेराची बोटं क्षणभर थांबली. मग त्यांनी सांगितलं तसंच तिने लिहिलं. तपासणी चालवली आणि पडदा लाल झाला.

"कोणाची चूक?" शेठने विचारलं.

"आमची," हुमेरा म्हणाली.

"आमची म्हणजे?"

"टाइप मी केलं."

नावेदभाई खिडकीबाहेर बघत होते. मला त्यांची किळस आली. इतक्यात शेठचा फोन वाजला आणि वर रेंज मिळेना म्हणून ते बोलत जिना उतरले.

"चाचा, तुम्ही उलटं सांगताय ते मला कळलं होतं," हुमेरा हळूच म्हणाली.

"मग लिहिलंस कशाला?"

"शेठ दर आठवड्याला विचारतात, चाचांचं सगळं शिकायला अजून किती दिवस. मी सांगते, नाय जमत अजून. आज त्यांच्यासमोर तुम्हाला दुरुस्त केलं असतं, तर उद्या तुमची खुर्ची मला मिळाली असती. मला तशी नको."

म्हणजे नावेदभाईंचा संशय खरा होता, फक्त माणूस चुकला होता. मी नियम शिकवत बसले होते आणि शेठ माझ्याच खोलीत त्यांना काढायची तयारी करत होते. मला वाटलं, नावेदभाई आता पिशवी उचलून निघतील. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा चढवला. जिन्यावर शेठचे बूट वाजू लागले.

"शेठ येतायत, चाचा. राहू दे असंच."

"येऊ दे," नावेदभाई म्हणाले आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. "पूस ते. आता बरोबर सांगतो, लिही."